नाकतोडा राणीसावरगावला उतरला

परभणीहून परतल्यावर पुण्यात भेटेल तो विचारी, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" माझी पंचाईत होई. मी पाहायला गेलेच नव्हते. मी दाखवायला गेले होते, आणि जे दाखवायचं तेच हरवून बसले. ते शोधता शोधता जे दिसलं त्याला 'पाहण्यासारखं' म्हणायचं की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

तेव्हा मी एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. माणसावाचून उडणारं विमान आम्ही तयार करत होतो. लष्कराला ते हवं होतं. शत्रूच्या डोक्यावरून जाऊन फोटो काढून आणायचे, आणि पुढेमागे जमलं तर बॉम्बही न्यायचा. विमान बैलगाडीएवढं, आणि शेपटी दोन लांब काटकुळ्या दांड्यांवर. कागदोपत्री त्याचं नाव भलतंच भारदस्त होतं, पण वर्कशॉपात सगळे 'नाकतोडा' म्हणत. त्यात बसायला जागा नव्हती. उडवणारा माणूस जमिनीवर, एका बंद ट्रकमध्ये बसे. ट्रकला खिडकी नाही. आत दोन पडदे, एक दांडी, ढीगभर बटणं आणि एक पंखा, तोही यंत्रांच्या तोंडावर वारा घालणारा. हा उडवणारा माणूस म्हणजे मी. खऱ्या विमानात तोवर मी एकदाही पाय ठेवलेला नव्हता.

चाचणीला मोकळी, सपाट जागा हवी होती. नकाशावर कुणीतरी झरीजवळच्या माळावर बोट ठेवलं. दिल्लीहून समिती येणार, नाकतोडा पाहणार आणि काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे सांगणार, असं ठरलं. नाकतोडा आमच्याकडे एकच होता.

पूर्णा

सुरुवातच चुकीच्या स्टेशनवर झाली. आम्ही परभणीला उतरलो आणि नाकतोड्याच्या पेट्या गाडीतच पुढे पूर्ण्याला गेल्या. लष्कराच्या बाजूनं आमच्याबरोबर मेजर भल्ला होते. भरघोस मिशा, करडा आवाज, आणि गुप्ततेचा भयंकर ध्यास. ते आणि मी मागच्या गाडीनं पूर्ण्याला गेलो.

पूर्णा म्हणजे रेल्वेच्याच जिवावर जगणारं गाव. घड्याळाऐवजी गाड्यांवर चहा उकळतो. फलाटावर आमच्या पेट्यांभोवती हमालांचा घोळका जमला होता आणि पार्सलबाबू पेट्यांवरची अक्षरं त्यांना मराठीत वाचून दाखवत होता. "पंख. डावा पंख. पोट. शेपूट, सांभाळून उचला."

एका म्हाताऱ्या हमालानं मला विचारलं, "बाई, जनावर कोन्तं हाय ह्ये?"

मी काही बोलायच्या आत मेजरसाहेब पुढे झाले. गुप्तता धोक्यात होती. "सर्कस है," ते म्हणाले. "सर्कस का सामान."

"कुठं लागायलीय?"

"झरी," मेजर बोलून गेले, आणि मग मिशी चावत बसले.

झरीचा माळ

आम्ही झरीला पोचलो तेव्हा सर्कशीची बातमी आमच्याआधी पोचून जेवूनखाऊन बसली होती. माळावर तंबू लागले तशी माणसं वाढू लागली. जीप आम्ही परभणीहून भाड्यानं घेतली होती. तिचे मालक आणि चालक रहीमचाचा लोकांना समजावत फिरत, "अरे सर्कस नक्को, सरकारी काम हाय." त्यावर लोक म्हणत, "मंग तर फुकटच असंल."

खाण्याची चंगळ होती. मी पुण्याची, पोळीवर वाढलेली. झरीत ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची म्हणजे येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि वर शेंगदाण्याची चटणी. आमटीच्या पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिखट लागायलंय का, माय? मंग अजून घ्या, सवय व्हईल." आमच्याकडे पाहुण्याला तिखट लागलं तर साखर देतात. इथे उपाय त्याच औषधाचा दुसरा डोस. लागू पडतो, एवढं मी सांगते.

समिती यायच्या आधी एक सराव करायचा ठरला. सकाळी स्वच्छ ऊन होतं. मी ट्रकमध्ये शिरले, दार लागलं. बाहेर रबरी पट्ट्यांच्या घसरगाडीवरून नाकतोडा सुटला, आणि माळावर असा जल्लोष उठला की बंद ट्रकमध्येही मला ऐकू आला. पडद्यावरचा ठिपका शहाण्यासारखा वर चढला. मी दांडी डावीकडे नेली, ठिपका डावीकडे. उजवीकडे नेली, उजवीकडे.

मग मी दांडी पुन्हा डावीकडे नेली आणि ठिपका सरळ गेला.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. सर्कस पाहायला आलेल्या कुणाची तरी म्हैस मोकाट सुटली होती. तिच्या पाठीला खाज होती. आमच्या अँटेनाचा खांब तिला सोयीच्या उंचीचा वाटला. तिनं मन लावून अंग घासलं. अँटेना फिरली, खांब वाकला, आणि नाकतोड्याचा नि माझा संबंध सुटला.

"कहाँ है?" मेजर दार उघडून ओरडले.

"दक्षिणेला, सर."

"दक्षिण में कहाँ?"

"दक्षिण संपेपर्यंत नाही जाणार. तेल संपलं की पॅराशूट आपोआप उघडेल."

मेजरसाहेबांनी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनंही त्यांच्याकडे पाहिलं. "बनी तो बनी, नहीं तो परभनी," रहीमचाचांनी हळूच इकडची म्हण टाकली आणि ते जीप चालू करायला गेले.

गंगाखेडच्या वाटेवर

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सगळ्या मुलखात पेटलेला होता. कुठे बंद, कुठे मोर्चा. भिंतींवर रंगवलेली नावं, त्यांवर फिरवलेलं डांबर, डांबरावर पुन्हा तेच नाव. चौकात पोलिसांची गाडी. रहीमचाचा प्रत्येक गावाआधी जीप थांबवून समोरून येणाऱ्याला हालहवाल विचारत आणि मग ठरवत, गावातून जायचं की बाहेरून. मोठा रस्ता सोडून आम्ही गाडीवाटांनी निघालो. काळ्या रानात ज्वारी छातीएवढी उभी होती. विमान शोधायला यापेक्षा वाईट आणि डोळ्यांना यापेक्षा बरी जागा नसेल.

शोधात दोन मुक्काम वाटेतच झाले. माणसं मात्र मदतीला तत्पर. नाकतोडा सगळ्यांनी पाहिला होता.

"गेला की! हिकडून गेला." बोट पूर्वेला.

"पिठाच्या गिरणीवानी आवाज करीत गेला." बोट पश्चिमेला.

"दोन व्हते. एक मोटा, एक बारका."

एका चहावाल्यानं सांगितलं की त्यात टोपी घातलेला माणूस बसलेला त्यानं स्वतः पाहिला, आणि त्या माणसानं हात केला. "मी बी केला," तो म्हणाला. त्याचा हिरमोड करायचं मला धाडस झालं नाही.

गोदावरी ओलांडली, गंगाखेड मागे टाकलं, तशी जमीन उठू लागली. काळं रान संपून मुरमाड टेकड्या आल्या, मेंढरं दिसू लागली. मेजर सकाळपासून घड्याळ पाहत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाकतोडा झरीला नेला नाही तर समितीला माळ, म्हैस आणि वाकडा खांब एवढंच दाखवायला उरणार होतं. ज्या कामाला मी लागल्यापासूनची सगळी वर्षं दिली ते एका जनावराच्या खाजेपायी बुडणार, या विचारानं मला धड रडूही येईना. हसूच येई, आणि मेजरांसमोर ते गिळावं लागे.

राणीसावरगावच्या शिवारात

राणीसावरगावच्या अलीकडे रहीमचाचांनी करकचून ब्रेक दाबला. "मॅडम, वो देखो."

टेकडीच्या पायथ्याशी धनगरांची वस्ती होती. वस्तीच्या मधोमध, बाभळी आणि बांबूंना चहू बाजूंनी ताणून बांधलेलं, उन्हात झळाळणारं भलंमोठं नारिंगी छत. आमचं पॅराशूट. खाली शेणानं सारवलेली जमीन, आंब्याच्या डहाळ्या, हळदीचे ठिपके. आणि बाजूला दगडांवर टेकवून ठेवलेला, नाकावर हळदकुंकू ल्यालेला, धडधाकट नाकतोडा.

जीपमधून उतरताच माणसांनी गराडा घातला. चेहरे ओढलेले. पांढऱ्या पटक्याचा एक उंच गृहस्थ पुढे आला. हे मसाजी, ज्यांच्या घरी लग्न होतं ते.

"मानूस घावला का?" त्यांनी विचारलं.

"कोण माणूस?"

"इमानातला! आमी परवापसून हुडकायलाव. शिवार पालथं घातलं, हिरीत पोरं उतरवली, वड्यानं गेलाव. कुठं पत्त्या न्हाई. इमान हितं, छत्री हितं, मानूस न्हाई. आवो, कुनाचं तरी लेकरू असंल ते."

पोलीस पाटलांनीही रानातल्या माणसांना बांधावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मसाजींच्या बायको, गयाबाई, रोज एक भाकरी फडक्यात बांधून वेगळी ठेवत होत्या. माणूस सापडला तर उपाशी असेल म्हणून. लग्नघर असं, आणि दोन दिवस कुणाला हळदीची गाणी सुचली नव्हती.

मी म्हटलं, "त्यात माणूस नव्हताच."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग एकमेकांकडे. मसाजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, घाबरू नका. खरं काय ते सांगा. वाईट झालं असंल तरी सांगा."

"खरंच नव्हता. हे माणसाशिवाय उडतं."

"मंग हाकतंय कोन?"

मेजरसाहेबांनी, बहुधा चिडूनच, माझ्याकडे बोट केलं. "ये. ये है पायलट."

गयाबाई गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आल्या. ठेंगण्या, कपाळावर आडवं कुंकू, हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे.

"तू हाकलंस ह्ये?"

"हो."

"अन् तू कुठं व्हतीस?"

"झरीला. ट्रकमध्ये. खुर्चीवर."

त्यांनी झरीच्या दिशेला पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, नाकतोड्याकडे पाहिलं. तेवढं अंतर त्यांनी मनात चालून घेतलं असावं. मग माझा दंड धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "लागलं न्हाई ना कुठं?"

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण मला बाजेवर बसवून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग फडक्यातली भाकरी पुढे केली. "तुजीच हाय. तुज्यासाठीच ठिवली व्हती." भाकरी सकाळची होती, सोबत ठेचा. मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. अख्खी वस्ती समोर उभी राहून पाहत होती, आणि मी संपवल्यावर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "घावला गं बाई मानूस!" तेव्हा कुठे सगळे हसले.

हसू ओसरल्यावर मेजरसाहेबांनी नारिंगी छताकडे बोट दाखवलं. ते ताबडतोब उतरवायला हवं होतं. सरकारी माल होता.

मसाजींनी हात जोडले. "न्या की, सायेब. तुमचंच हाय. पर उद्याच्याला लगीन हाय. गंगाखेडचा मांडववाला यायचा व्हता, बंदमुळं आलाच न्हाई. मी डोक्याला हात लावून बसलो व्हतो, तवर वरून ह्येच आलं. एकदा घातलेला मांडव लगनाआधी उतरवला तर पोरीच्या सासरचे काय म्हनतील?"

"ऑर्डर है," मेजर म्हणाले.

"मंग उतरवा. आमी हात लावनार न्हाई." मसाजी बाजूला झाले. सगळेच झाले. मांडवाखाली नवरी, मुक्ता तिचं नाव, हळदीनं माखलेली, पाटावर बसून छताकडे पाहत होती.

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं. पॅराशूट माझ्या खात्याचं. सही माझी होती. लग्न दुपारी, त्यानंतर निघालो तर झरीला पोचता पोचता समिती येऊन ठेपणार, घडी घालायला नीट वेळ नाही, आणि चुकीची घडी घातलेलं पॅराशूट उघडत नाही. उघडलं नाही तर नाकतोडा समितीच्या देखत जमिनीत घुसणार. हे सगळं मी मनात जुळवत होते आणि तोंडात अजून त्या ठेच्याची आग होती.

"उद्या लग्न लागल्यावर उतरवू," मी म्हटलं.

मेजर रागानं लाल झाले. पण सरकारी माल सोडून जाता येईना. म्हणून त्यांनी मांडवाच्या खांबापाशी खुर्ची टाकली आणि पहारा सुरू केला. वऱ्हाड आलं तेव्हा दारातच मिशीवाला लष्करी अंमलदार ताठ बसलेला पाहून वरपक्षाचा पार नूर पालटला. नवऱ्याचे मामा मानपानावरून रुसायच्या तयारीनं आले होते म्हणे. ते मुकाट जाऊन मागच्या सतरंजीवर बसले. मसाजींनी मेजरांना पटका बांधला. मेजर आधी नको नको म्हणाले, मग आरशात पाहून आले, मग काढेनात.

आमच्याकडे अक्षता तांदळाच्या. इथे ज्वारीच्या, पिवळ्या रंगवलेल्या, आणि त्या टाकायच्या नाहीत, भिरकावायच्या. मंगलाष्टकांना पिवळ्या ज्वारीचा असा पाऊस पडला की छताच्या सुरकुत्यांत, दोऱ्यांच्या गाठींत, माझ्या केसांत ज्वारीच ज्वारी. नारिंगी उजेडात सगळ्यांचेच चेहरे नवरा-नवरीसारखे दिसत होते.

जेवताना गयाबाई शेजारी बसल्या. "ह्ये कशापायी बनवलंय?"

"शत्रू कुठे आहे ते वरून बघायला."

"अन् दिसल्यावर?"

"पुढे कधीतरी वरूनच मारताही येईल."

"अन् मारनारा?"

"ट्रकमध्ये."

त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. "त्याला जेवन गोड लागंल का गं?" असं त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, चौकशी केल्यासारखं. मेजरसाहेबांनाही मराठी एवढी समजली होती. ते पानात मान घालून जेवत राहिले.

पुन्हा झरी

पॅराशूट उतरवायला सगळी वस्ती लागली. त्यावर हळदीचे पंजे उमटले होते, धुराचा वास भरला होता. धुवायला वेळ नव्हता. पंख-शेपूट सुटे करून नाकतोडा जीपच्या टपावर बांधला आणि निघालो. झरीला पोचलो तेव्हा मागे राहिलेल्यांनी अँटेनाचा खांब सरळ करून समितीसाठी खुर्च्याही मांडल्या होत्या. मी जमेल तशी घडी घातली आणि ट्रकमध्ये शिरले. म्हशींसाठी मेजरांनी दोन जवान वेगळे नेमले.

नाकतोडा गुणी लेकरासारखा उडाला. वळला, फिरला, परत आला. मी पॅराशूटचं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. बाहेरून टाळ्या आल्या. मग अचानक थांबल्या.

दार उघडून पाहते तो समितीच्या अंगावर पिवळी ज्वारी पडत होती. टकलांवर, फायलींवर, चहाच्या कपांत. अध्यक्षांनी चष्म्यावरचे दाणे पुसले आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

मेजर भल्ला सावधान उभे राहिले. "टेस्टिंग मटेरियल, सर. हवा का रुख पता चलता है."

अध्यक्षांनी मान डोलावली. काम पुढे चालू राहिलं.

पुणे, आणि परत एकदा राणीसावरगाव

नाकतोड्याच्या पोटातल्या कॅमेऱ्यातली फिल्म पुण्यात धुतली. पहिल्या, हरवलेल्या उड्डाणाच्या अखेरच्या फोटोंत राणीसावरगावचं शिवार होतं. ठिपक्याएवढी माणसं नाकतोड्याकडे धावत होती. मेजरसाहेब भिंग लावून फोटोंतल्या गोष्टी ओळखायला बसले. ते त्यांचं कामच होतं. "आठ-दस लोग. हाथ में... लंबा कुछ है. हथियार?" भिंग त्यांनी जवळ नेलं, लांब नेलं. मग ते खाली ठेवलं.

"खाट है," ते म्हणाले. "उठाने के लिए लाये थे."

मीही पाहिलं. चौघांनी बाज खांद्यावर घेतली होती. मागे एका बाईच्या डोक्यावर घागर. पळताना तिचा पदर आडवा उडालेला. मेजरांनी त्या फोटोची एक मोठी प्रत काढून माझ्या हातात दिली. "यह गुप्त नहीं है," ते म्हणाले.

उन्हाळ्यात रजा काढून मी ती प्रत राणीसावरगावला घेऊन गेले. गळ्यात माझा साधा कॅमेरा होता. मसाजींनी फोटो उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला. वस्ती भोवती जमली.

"ह्यात आमी हाव?"

"तुम्हीच आहात. ही बाज. ह्या घागरवाल्या गयाबाई."

गयाबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि नाक मुरडलं. "नुस्ते पटके अन् पदर. कुनाचंच तोंड दिसंना. वरून काडल्यावर असंच व्हनार." त्यांनी पोरांना दारातून हुसकलं, पदर सारखा केला आणि मसाजींना ओढून ओसरीवर उभं केलं. "आता खालून काड एक. अन् थांब जरा, माहेरपनाला आलेली मुक्ता पानी आनायला गेलीय, तिला येऊ दी."